गारेचं माप

सोमवारी कुपवाडची एमआयडीसी बंद असते.
लेथ गप्प, कँटीनला कुलूप,
आणि जाफर मुल्ला बोळाच्या तोंडाशी
ओम्नीचा भोंगा वाजवतो, पावणेदहाला.
"चल गं, पूर्वेला फुटतंय काहीतरी."

फुटतंय म्हणजे सरकीएवढं एक ढगुलं.
मला तर तेही दिसत नाही.
आई विचारते, कुणाच्या लग्नाला?
वळवाच्या, म्हणते मी.
डब्यात भाकरी, शेंगाची चटणी,
पर्समध्ये कंपनीचं व्हर्निअर,
उद्या आठच्या आत ड्रॉवरमध्ये परत पाहिजे.

जाफरचं सगळं शास्त्र एका जुन्या रेडिओत.
जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही
तिथं तो काटा आणून ठेवतो
आणि ऐकत राहतो रिकामी खरखर.
तीत मोहरी तडतडली
की समजायचं, वीज पडली कुठंतरी.
कवठेमहांकाळला एक दाणा.
डफळापुरात चार.
जतच्या अलीकडं
अख्खी फोडणी.

आणि मग तो दिसला.
खालून काळा, मधे फुगलेला,
वरून मात्र
कुणीतरी फेसिंग मारून सोडल्यासारखा सपाट.
जाफरनं गाडी बाजूला घेतली.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
एक टिटवी तेवढी बोलत होती.

दुपारभर त्यानं फिरवलं आम्हाला.
माडग्याळला जावं तर तो संखवर,
संखला जावं तर उमदीच्या अंगाला.
टपरीवरची इरव्वा कपबश्या विसळत म्हणाली,
"बरी गाळी."
कानडीतलं बरी म्हणजे नुसती. नुसता वारा.
मराठीतली बरी मी तशीच ठेवून घेतली.

सव्वाचारला वारा फिरला.
आधी पवनचक्क्यांना कळलं:
माळावरच्या एकूण एक चक्कीनं
सावकाश मान वळवली ढगाकडं,
वर्गात साहेब आल्यासारखी.
मग गारवा. मग धूळ,
लाल, भिंतीएवढी, चालत येणारी.

आम्ही आडोशाला घुसलो ते बेदाण्याच्या शेडखाली.
हिरव्या जाळीचे सात मजले, गंधकाचा वास,
बायका ताडपत्री ओढत होत्या.
कलाव्वा नावाची एक ओरडली,
"बघत काय उभारलाय? दोरी धरा!"
धरली.
कशाला आलाय इकडं, तिनं विचारलं.
गारा बघायला, असं तोंडावर आलं होतं.
तिच्या मागं सहा टन माल अजून ओला होता.
मी म्हटलं, गाडी बंद पडली.

गारा आल्या त्या आडव्या.
पत्र्यावर आवाज असा
की शंभर लेथ एकदम सुरू व्हावेत
आणि एकालाही तेल नसावं.
दोरी हातातून सरकत होती, कातडी घेऊन.
ज्यासाठी आम्ही शंभर किलोमीटर आलो
ते पाठीमागं कोसळत होतं
आणि माझी मान वळत नव्हती.
जाफर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.
इथं नको, असंच असावं.
मीही तेच म्हणत होते.

अकरा मिनिटं.
मग ऊन, निर्लज्ज, स्वच्छ.
खालचे दोन थर भिजले, वरचे वाचले.
कलाव्वानं ताडपत्रीच्या घडीतून
एक गार उचलली, पदरानं पुसली.
माझ्या पर्समधून डोकावणारं व्हर्निअर
तिनं केव्हाच पाहिलं होतं.
"घे," ती म्हणाली, "माप."
हसली की नाही, सांगता येत नाही.

एकोणीस पूर्णांक चार.
नीट वाचेपर्यंत अठरा पूर्णांक नऊ.
जबडा जुळवत गेले, ती आत सरत गेली.
दोन शतांशासाठी मी
अख्खी लॉट नापास करते रोज.
जाफर वही उघडून उभा: "किती लिहू?"
सतरा. लिहू नको. थांब.

परतीला त्यानं सांगली लावली, बाजारभाव चालू होते.
वहीत तारीख आहे, जागा आहे,
पुढचा रकाना कोरा.
तळहातावर दोरीचा वळ.
मंगळवारी पावणेआठला
व्हर्निअरचे जबडे मिटून बघितले.
शून्यावर शून्य.
तेल लावलं, ठेवून दिलं.